बोलण्यासाठी घडवलेला कान आणि गाणे: कॉक्लिअर इम्प्लांटचा एक इतिहास



फिल्टर, मॉड्युलेशन, सॅम्पलिंग हे विषय आपण बहुधा परीक्षेसाठी शिकतो. या पाठात त्याच विषयांकडे आपण इतिहासाच्या बाजूने पाहणार आहोत. कॉक्लिअर इम्प्लांट हे यंत्र ऐकू न येणाऱ्या माणसाला बोलणे ऐकवते. पण त्याच यंत्रातून गाणे ऐकले, तर अनेकांना ते ओळखू येत नाही. असे का होते? याचे उत्तर शरीरशास्त्रात जेवढे आहे, तेवढेच अभियंत्यांनी 1957 ते 1991 या काळात घेतलेल्या निर्णयांतही आहे. सिग्नलमधले काय ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे त्या निर्णयांनी ठरवले.

मी फरीदाबादमध्ये अभियांत्रिकी शिकवतो. हा विषय निघाला की वर्गात हमखास येणारा प्रश्न असा: "सर, बोलणे ऐकू येते तर गाणे का नाही? दोन्ही आवाजच ना?" हा प्रश्न साधा वाटतो, पण तो सोडवताना सगळा इतिहास उलगडतो. म्हणून तोच धरून पुढे जाऊ.

1. कान काय करतो

बाहेरून आलेला आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन लहान हाडांमधून पुढे जातो आणि आतल्या कानातल्या कॉक्लिआ या शंखासारख्या वळलेल्या नळीत पोहोचतो. ही नळी सरळ केली तर सुमारे 35 मिलिमीटर भरते. तिच्यात सुमारे 3,500 आतल्या केशपेशी असतात आणि तिथून सुमारे 30,000 मज्जातंतू मेंदूकडे जातात.

या नळीत प्रत्येक स्वराला जणू आपापली जागा आहे. तोंडाजवळच्या भागात उंच स्वर, तर आतल्या टोकाशी खर्जाचे स्वर. हेल्महोल्ट्झ यांनी 1863 साली कानाची तुलना तारांच्या वाद्याशी केली होती. पुढे बेकेशी यांनी कॉक्लिआमध्ये लहर कशी सरकते आणि कुठे सर्वांत उंच होते, हे प्रत्यक्ष पाहिले. त्यांना 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या भाषेत सांगायचे तर कॉक्लिआ ही फिल्टरची अतिशय दाट रांग आहे.

जन्मजात दोष, आजार, औषधांचे दुष्परिणाम किंवा वय यांमुळे केशपेशी नष्ट होतात तेव्हा ही रांग निकामी होते. आवाज मोठा करणारे श्रवणयंत्र मग फारसे उपयोगी पडत नाही, कारण मोठा केलेला आवाज घ्यायला आत कोणी उरलेलेच नसते. मज्जातंतू मात्र बऱ्याचदा शिल्लक असतात. मग केशपेशींना वगळून त्यांनाच थेट विजेचे स्पंद दिले तर? इम्प्लांटची मूळ कल्पना एवढीच आहे.

2. पहिले प्रयोग: आधी लय ऐकू आली

1800 च्या सुमारास व्होल्टा यांनी आपल्या नव्या बॅटरीला जोडलेल्या धातूच्या कांड्या स्वतःच्याच कानांत घातल्या. डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी दाट द्रव खदखदत असल्यासारखा आवाज आला. त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला नाही. पण विजेमुळे काही ऐकू येऊ शकते, ही नोंद मात्र झाली.

खरा आरंभ पॅरिसमध्ये झाला. फेब्रुवारी 1957 मध्ये आंद्रे ज्युर्नो आणि शार्ल एरिये यांनी एका पूर्ण बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणमज्जातंतूजवळ तारेचे वेटोळे बसवले. त्या रुग्णाला आवाजाची लय कळू लागली, सरावाने काही मोजके शब्दही ओळखता आले. मात्र सलग बोलणे समजले नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: पहिल्याच प्रयोगात जी गोष्ट नीट पोहोचली ती लय होती. हे सूत्र पुढच्या सगळ्या इतिहासात टिकून राहते.

लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस यांनी 1961 पासून रुग्णांवर इम्प्लांट बसवायला सुरुवात केली. त्यांच्या यंत्रात शेवटी एकच इलेक्ट्रोड, म्हणजे एकच वाहिनी राहिली. त्यावर तज्ज्ञांनी कडक टीका केली: 30,000 मज्जातंतूंचे काम एका तारेने कसे होणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 13 रुग्णांची स्वतंत्र तपासणी करून घेतली. 1977 च्या त्या बिल्गर अहवालातून असे दिसले की केवळ ऐकून बोलणे समजत नाही, पण ओठ वाचताना मोठी मदत होते. 1984 साली अमेरिकेत या एका वाहिनीच्या यंत्राला मान्यता मिळाली.

3. मेलबर्न, 1978: चाचणीसाठी वाजवलेले राष्ट्रगीत

दरम्यान दोन शहरांत अनेक वाहिन्यांच्या इम्प्लांटवर काम चालू होते. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या अभियंता दांपत्याने बनवलेले यंत्र डिसेंबर 1977 मध्ये बसवले गेले. मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी 1 ऑगस्ट 1978 रोजी रॉड साँडर्स यांच्यावर शस्त्रक्रिया केली. साँडर्स यांचे ऐकणे अपघातात गेले होते.

यंत्र सुरू झाल्यावरच्या चाचणीत त्यांना तेव्हाच्या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रगीताची धून ऐकवण्यात आली. साँडर्स ती ओळखून चटकन सावधान उभे राहिले. डोक्याला जोडलेल्या तारा ओढल्या जातील याचेही भान त्यांना राहिले नाही. शब्द नीट कळायला मात्र आणखी काही महिने आणि नवी प्रक्रिया लागली.

म्हणजे या यंत्राच्या इतिहासातली एक मोठी खूण गाण्याची आहे. पण साँडर्स यांनी नेमके काय ओळखले असेल? ओळखीची लय, ओळखीचे थांबे, आणि स्पंदांच्या वेगाने जाणवलेला थोडासा चढउतार. पूर्वी हजारदा ऐकलेल्या धुनेसाठी एवढे पुरेसे होते. अनोळखी धून असती तर? या प्रश्नाकडे आपण पुढे येऊ.

4. बोलणे आधी: हा निर्णय कसा झाला

आता अभियंत्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. 1978 साल आहे. तुमच्याकडे मोजके इलेक्ट्रोड आहेत, कंबरेला लावता येईल एवढा प्रोसेसर आहे आणि त्याची गणनक्षमता आजच्या साध्या कॅल्क्युलेटरच्या आसपास. सगळा आवाज आत पाठवणे शक्य नाही. मग काय पाठवाल?

क्लार्क यांच्या गटाने बोलण्यातली सर्वांत महत्त्वाची वैशिष्ट्ये निवडली. स्वर उच्चारताना तोंडाच्या पोकळीमुळे काही कंप्रता अधिक ठळक होतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. त्यांतल्या दुसऱ्या फॉर्मंटवरून कोणता इलेक्ट्रोड चालवायचा ते ठरे आणि आवाजाच्या मूळ कंप्रतेवरून स्पंदांचा वेग ठरे. 'आ', 'ई', 'ऊ' वेगळे कळायला याने फार मदत झाली. पण या प्रोसेसरपुढे तंबोरा ठेवला तर? तंबोऱ्याला दुसरा फॉर्मंट कुठून असणार! यंत्र त्यातही बोलणेच शोधत राहणार. निवड जेवढी बोलण्यासाठी अचूक, तेवढी ती संगीतासाठी परकी.

यानंतरचे मोठे पाऊल अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी टाकले. 1991 साली 'नेचर'मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. तिचे टप्पे तुम्हाला ओळखीचे वाटतील:

पहिला, आवाज अनेक बँडपास फिल्टरमधून पाठवायचा. दुसरा, प्रत्येक पट्टीतल्या सिग्नलचे रेक्टिफायर आणि लो-पास फिल्टर वापरून आवरण काढायचे. आवरण म्हणजे सिग्नलच्या उंचीचा हळूहळू बदलणारा आलेख. तिसरा, बाहेरच्या आवाजाचा विस्तार 100 डेसिबलच्या वर असतो, पण विजेने उत्तेजित केलेल्या मज्जातंतूला पेलवतो तो फारच थोडा. म्हणून आवरण दाबून लहान करायचे. चौथा, त्या आवरणाने ठरावीक वेगाच्या स्पंदांची उंची बदलायची. पाचवा, हे स्पंद एकाच वेळी न देता एकामागून एक द्यायचे, म्हणजे शेजारच्या इलेक्ट्रोडचे विद्युतक्षेत्र एकमेकांत मिसळत नाही.

फॉर्मंट शोधण्याचा खटाटोप इथे संपला. यंत्र आता आवाजाविषयी कमी गृहीत धरत होते, आणि बोलणे पूर्वीपेक्षा खूप चांगले कळू लागले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन यांना 2013 साली लास्कर पुरस्कार मिळाला तो या सगळ्या कामासाठी.

पण दुसरा टप्पा पुन्हा वाचा. आवरण ठेवले, आणि त्याच्या आतली भरभर हलणारी सूक्ष्म रचना टाकून दिली. बोलण्यासाठी हे चालते, याचा अंदाज बेल लॅबच्या होमर डडली यांनी 1930 च्या दशकात व्होकोडर बनवला तेव्हापासून होता. 1995 साली रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की केवळ चार पट्ट्यांची आवरणे गोंगाटावर चढवली, तरी शांत खोलीत बोलणे बरेचसे कळते. मग 2002 साली स्मिथ, डेलगुट आणि ऑक्सनहॅम यांनी एका आवाजाचे आवरण आणि दुसऱ्या आवाजाची सूक्ष्म रचना जोडून संकरित आवाज तयार केले. श्रोत्यांना शब्द ऐकू आले ते आवरणातले, आणि धून ऐकू आली ती सूक्ष्म रचनेतली.

वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. दोन्ही आवाजच, पण बोलण्याचा अर्थ मुख्यतः आवरणात राहतो आणि धुनेचा सूक्ष्म रचनेत. इम्प्लांटने पहिले ठेवले, दुसरे सोडले.

5. बावीस श्रुती आणि बावीस इलेक्ट्रोड

आता एक आकडेमोड करू. 1985 साली मान्यता मिळालेल्या ऑस्ट्रेलियन इम्प्लांटमध्ये 22 इलेक्ट्रोड होते. 22 हा आकडा आपल्याकडच्या संगीतशास्त्रात फार जुना आहे: एका सप्तकात 22 श्रुती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी या श्रुतींची कंपनसंख्या मोजण्याचा ध्यास घेतला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी त्यांना गाऊन साहाय्य केले. देवलांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक 1910 साली पुण्यात छापले गेले.

दोन्हीकडचा 22 हा निव्वळ योगायोग आहे. पण त्या योगायोगाने अडचण नेमकी दिसते. 22 श्रुती एका सप्तकात मावतात. 22 इलेक्ट्रोडना मात्र सुमारे 200 ते 8,000 हर्ट्झ हा सगळा पल्ला वाटून घ्यायचा असतो. 8,000 भागिले 200 म्हणजे 40, आणि 2 पायाचा 40 चा लॉगरिदम सुमारे 5.3. म्हणजे सव्वापाच सप्तकांच्या आसपासचा पल्ला, आणि एका सप्तकाच्या वाट्याला सरासरी चारच इलेक्ट्रोड.

खालच्या सप्तकांत तर वाटणी आणखी विरळ होते, कारण तिथल्या पट्ट्या साधारण सारख्या रुंदीच्या ठेवतात. उदाहरणादाखल त्या 188–313, 313–438 आणि 438–563 हर्ट्झ अशा धरा. संगीताच्या पुस्तकांत षड्ज बऱ्याचदा 240 चा मानतात. मग शुद्ध स्वर असे येतात: सा 240, रे 270, ग 300, म 320, प 360, ध 400, नी 450, सां 480. आता स्वर पट्ट्यांत टाका. सा, रे, ग पहिल्या पट्टीत. म, प, ध दुसऱ्या पट्टीत. नी आणि वरचा सा तिसऱ्या पट्टीत. आख्खे सप्तक तीन इलेक्ट्रोडवर संपले! कोमल ऋषभ, 256, हाही सा आणि शुद्ध रे यांच्याच पट्टीत. भैरवचा आंदोलित कोमल ऋषभ आणि बिलावलचा शुद्ध ऋषभ हा फरक इथे कुठे राहणार?

चित्र याहून थोडे बरे आहे, हेही सांगायला हवे. फिल्टर शेजारच्या पट्टीत थोडे झिरपतात, त्यामुळे दोन इलेक्ट्रोडमधले प्रमाण बदलते आणि मेंदूला अंदाज मिळतो. प्रत्येक स्वराचे वरचे स्वरांशही असतात, ते वरच्या पट्ट्यांत पोहोचतात. शिवाय आवरणाच्या कंपनाच्या वेगावरून सुमारे 300 हर्ट्झपर्यंत स्वराची काही उंची जाणवते. पण दुसऱ्या बाजूला, कॉक्लिआतल्या द्रवात वीज पसरते, म्हणून 22 इलेक्ट्रोड 22 वेगवेगळ्या वाहिन्यांसारखे वागत नाहीत. बोलण्याच्या चाचण्यांत त्यांचा उपयोग साधारण आठ स्वतंत्र वाहिन्यांइतकाच दिसला आहे.

आपल्या वाद्यांचा विचार केला तर हे अधिक स्पष्ट होते. तबला-मृदंगाच्या शाईमुळे त्यांच्या नादात स्वरसंवादी स्वरांश तयार होतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर'मध्ये दाखवले. तंबोऱ्याची घोडी आणि जवारीचा धागा स्वरांशांची भर कशी घालतात, यावरही त्यांनी लगेचच लिहिले. इम्प्लांटमधून तबल्याचे बोल, त्यांची लय, सम-खाली हे बरेचसे पोहोचते. तबला कोणत्या स्वरात लावला आहे ते पुसट होते. आणि तंबोरा? त्याचा सगळा जीवच सूक्ष्म रचनेत. ज्याच्या आधाराने गायक स्वर लावतो, तेच वाद्य या यंत्राला सर्वांत कठीण.

6. ऐकणाऱ्यांना काय ऐकू येते

हे झाले गणित. माणसांना विचारल्यावर काय कळले? आयोवा विद्यापीठातील केट गफेलर आणि सहकारी 1990 च्या दशकापासून याचा अभ्यास करत आले आहेत. इतरांच्या अभ्यासांतूनही निष्कर्ष तेच निघाले. लय ओळखण्यात इम्प्लांट वापरणारे सर्वसाधारण श्रोत्यांच्या जवळ असतात. शब्दांविना वाजवलेली धून ओळखणे फार कठीण जाते. कोणते वाद्य वाजते आहे हे ओळखणेही अवघड. गाण्यात शब्द असले की ओळख एकदम वाढते.

फरीदाबादच्या उदाहरणाने पाहू. 1987 पासून इथे दरवर्षी सूरजकुंडचा हस्तकला मेळा भरतो. तिथे हरियाणातले नगारे आणि ढोल वाजतात, तशाच बीनवाल्यांच्या टोळ्याही फिरतात. इम्प्लांट लावून तुम्ही त्या मेळ्यात उभे आहात अशी कल्पना करा. नगाऱ्याचा ठेका स्वच्छ येईल, पाय आपोआप हलतील. बीनेची सतत वळत जाणारी धून मात्र एका जागी घोटाळणाऱ्या घरघरीसारखी वाटू शकेल. आणि दोन्ही एकत्र, वर भोंगे आणि गर्दी, म्हणजे सगळाच गोंधळ. आपल्या ओळखीच्या संगीतालाही हाच न्याय लावता येईल. पोवाडा, भारूड, टाळ-मृदंगाच्या ठेक्यावरचे भजन यांत शब्द आणि ठेका पुढे असतात, म्हणून ते यंत्रातून सहज यावेत. विलंबित ख्यालाची आलापी सर्वांत अवघड जावी.

स्वराची उंची फक्त गाण्यासाठीच लागते असेही नाही. फरीदाबादमध्ये तुम्हाला पंजाबी बोलणे सगळीकडे ऐकू येते. पंजाबीत 'घोडा' या शब्दातला 'घ' जवळजवळ 'क'सारखा उच्चारला जातो आणि चाबूक या अर्थाचा 'कोडा' त्याच्यापासून वेगळा होतो तो स्वराच्या चढउताराने. चिनी भाषेत तर असे शब्द पावलोपावली येतात. म्हणजे 'बोलणे आधी' या निर्णयामागे कोणत्या भाषेतले बोलणे धरले होते, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. ही यंत्रे घडली ती मुख्यतः इंग्रजी, जर्मन अशा भाषांच्या प्रदेशांत. या भाषांत शब्दाचा अर्थ स्वराच्या उंचीने बदलत नाही.

7. ओळखणे वेगळे, आवडणे वेगळे

इथपर्यंत वाचून वाटेल की इम्प्लांट आणि संगीत यांचे जमत नाही. तसा निष्कर्ष काढला तर तो चुकेल. अभ्यासकांना हळूहळू लक्षात आले की धून अचूक ओळखणे आणि गाण्याचा आनंद घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

ज्यांनी आधी ऐकले आहे आणि मग ऐकणे गमावले आहे, त्यांच्याजवळ तुलनेला जुनी आठवण असते. त्यांचा अपेक्षाभंग मोठा असतो. अमेरिकन लेखक मायकेल कोरोस्ट यांना लहानपणापासून कमी ऐकू येई. 2001 साली उरलेलेही गेले आणि त्यांनी इम्प्लांट घेतला. राव्हेल यांची 'बोलेरो' ही रचना पूर्वीसारखी ऐकू यावी म्हणून त्यांनी संशोधकांकडे खेपा घातल्या, नवनवे सॉफ्टवेअर स्वतःवर तपासून पाहिले, आणि त्याविषयी 2005 साली लिहिले. शस्त्रक्रिया न बदलता, फक्त प्रोसेसरमधला प्रोग्राम बदलून त्यांचे ऐकणे सुधारले. दोन शेजारच्या इलेक्ट्रोडना एकत्र चालवून मधल्या जागी जाणीव निर्माण करणे, खालच्या पट्ट्यांत सूक्ष्म रचनेचा काही अंश परत आणणे, असे उपाय साधारण 2006 पासून वापरात आले. सोडलेली गोष्ट थोडीफार परत आणण्याचेच हे प्रयत्न आहेत. दुसरा मार्ग म्हणजे कानात खर्जाचे ऐकणे शिल्लक असेल तर ते जपणे. फ्रँकफर्टमध्ये 1999 पासून एकाच कानात वीज आणि ध्वनी दोन्ही वापरले गेले. दुसऱ्या कानाला साधे श्रवणयंत्र लावले तरी खालच्या स्वरांची उंची कळायला मदत होते.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या आणि लहानपणीच इम्प्लांट मिळालेल्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्याजवळ 'पूर्वीचे गाणे' नसतेच. टोरांटोच्या सँड्रा ट्रेहब आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी अशा मुलांना ओळखीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांची गाणी ऐकवली. शब्दांसहित मूळ गाणे मुले ओळखत. नुसती धून वाजवली की अडखळत. पण गाणी ऐकायला आणि म्हणायला त्यांना आवडत होते. त्यांच्या लेखी ते बिघडलेले संगीत नव्हते, तेच संगीत होते.

2011 साली मेलबर्नमध्ये संगीतकारांनी इम्प्लांट वापरणाऱ्यांसाठी खास रचना करून त्यांची मैफल भरवली. यंत्राने संगीताकडे जावे याची वाट पाहण्याऐवजी संगीतानेच यंत्राकडे एक पाऊल टाकले. ज्या श्रोत्याकडे लय, शब्द, पोत आणि आवाजाचा चढउतार आहे, त्याच्यासाठी त्याच साहित्यातून गाणे बांधता येते.

सराव हाही मोठा भाग आहे. नेमाने, थोडा थोडा वेळ, आधी ओळखीचे गाणे, समोर शब्द लिहिलेले, एकच गायक आणि एक-दोन वाद्ये, शांत खोली, शक्यतो आवाज थेट प्रोसेसरला जोडलेला: असे ऐकत गेल्यास ओळख आणि आवड दोन्ही वाढतात, असे प्रशिक्षणाच्या अभ्यासांत दिसले आहे. कान एकदा बसवला की काम संपत नाही. मेंदूला नवा कान शिकावा लागतो.

8. आपल्या देशात

भारतात ही शस्त्रक्रिया रुजवण्यात मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने आणि चेन्नईचे डॉ. मोहन कामेश्वरन यांचा मोठा वाटा आहे. दोघांनाही पद्मश्री मिळाली आहे. सुरुवातीची अनेक वर्षे हा उपचार फार थोड्यांच्या आवाक्यात होता. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत 1 एप्रिल 2014 पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला. त्या तरतुदीत दरवर्षी 500 मुले आणि एका संचामागे 6 लाख रुपये असा हिशेब होता. मुंबईत वांद्र्याला असलेली, 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे काम पाहते. बालकांची तपासणी लवकर व्हावी म्हणून 2013 साली पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मजात बहिरेपणाही येतो.

या योजनांचे उद्दिष्ट मुलाने ऐकावे, बोलावे, शाळेत जावे हे आहे, आणि ते योग्यच आहे. बोलणे शिकण्याची वेळ निघून गेली तर ती परत येत नाही. पण 'यंत्र बोलण्यासाठी आहे' याचा अर्थ अनेक घरांत नकळत 'गाणे याच्यासाठी नाही' असा होऊ शकतो. मग आई अंगाई म्हणायचे थांबते, शाळेच्या समूहगीतात मुलाला मागे उभे करतात. आपण वर जे पाहिले त्यावरून ही समजूत उलटी आहे. बडबडगीतात ठेका असतो, शब्द असतात, पुनरावृत्ती असते, म्हणजे इम्प्लांटला जे चांगले जमते तेच सगळे असते. बडबडगीत ही त्या मुलासाठी चैन नव्हे. बोलण्याकडे नेणारी ती सर्वांत जवळची वाट आहे.

9. सारांश

अपुऱ्या साधनांत बोलणे आधी निवडणे हा चुकीचा निर्णय नव्हता. त्याने लाखो माणसांना संवाद परत दिला. पण साधने वाढल्यावरही तो निर्णय फिल्टरच्या रचनेत, चाचण्यांत आणि लोकांच्या समजुतीत तसाच राहिला. यश मोजायचे तर किती वाक्ये समजली हे विचारायचे, अशी सवय पडली. गाण्याचे काय, हा प्रश्न वापरणाऱ्यांनी लावून धरला, तेव्हा टाकलेला सिग्नल परत आणण्याचे काम सुरू झाले. उद्या तुम्ही एखादे यंत्र बनवाल तेव्हा काहीतरी सोडावेच लागेल. काय सोडले आणि कोणाच्या वतीने सोडले, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या अभियंत्याला ते परत आणायचे असेल.

10. स्वतः करून पाहा

ऑक्टेव्ह किंवा पायथन वापरून एक साधा व्होकोडर लिहा. दहा सेकंदांचे तीन नमुने स्वतः ध्वनिमुद्रित करा: एक बोललेले वाक्य, एक तबल्याचा किंवा टेबलावर वाजवलेला ठेका, आणि एक शब्दांविना गुणगुणलेली धून. 200 ते 7,000 हर्ट्झमध्ये आठ बँडपास फिल्टर लॉगरिदमिक अंतराने ठेवा. प्रत्येकाचे आवरण काढा, त्याच पट्टीतल्या गोंगाटाला त्या आवरणाने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. मूळ नमुने न ऐकलेल्या मित्राला निकाल ऐकवा. मग पट्ट्या 4 करा, 22 करा.

हा आवाज इम्प्लांट वापरणाऱ्याला ऐकू येणारा आवाज नव्हे, हे ध्यानात असू द्या. माहिती किती उरते याचा तो फक्त अंदाज आहे.

प्रश्न:
(अ) तिन्ही नमुन्यांपैकी कोणता सर्वांत कमी पट्ट्यांत ओळखता आला? का?
(आ) षड्ज 240 ऐवजी 138 हर्ट्झ धरला तर वरच्या तीन पट्ट्यांत स्वर कसे वाटले जातील? कोणते स्वर पट्ट्यांच्या बाहेर राहतील?
(इ) तुमच्या भाषेतले असे कोणते गीतप्रकार आहेत, ज्यांत लय आणि शब्द स्वरापेक्षा पुढे असतात?
(ई) इम्प्लांटच्या यशाची चाचणी तुम्हाला ठरवायची असेल, तर वाक्ये समजण्याशिवाय आणखी काय मोजाल?